गावाचं ऐका, गावाला सांगा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात केसगळती सुरू झाली. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. बोंडगाव, कालवड, हिंगणा, भोनगाव अशी नावं वाढत गेली. जानेवारीत ती देशभरच्या बातम्यांत झळकली. १८ गावांतली पावणेतीनशेच्या आसपास माणसं बाधित झाली. त्यात शाळकरी पोरं होती, म्हातारी माणसं होती, लग्नाच्या मुली होत्या. सुरुवातीला कुणी शाम्पू बदलला, कुणी मेडिकलवरून मलम आणलं, कुणी खासगी दवाखाना गाठला. अशी विखुरलेली दुखणी एका यादीत यायला वेळ गेला.

मी याच जिल्ह्यात आरोग्यसेवक म्हणून नोकरीला लागलो आणि आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो. घरभेटी, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, विहिरीत जंतुनाशक टीसीएल पावडर टाकणं, दर आठवड्याचा अहवाल, हेच माझं काम होतं. त्या अनुभवावरून सांगतो, नुसते आकडे वर पाठवून रोगसर्वेक्षण होत नाही. गाव सांगतं ते ऐकायचं, त्यावरून कारण शोधायचं आणि सापडलेलं गावाला परत सांगायचं. यातलं एक जरी राहिलं तरी काम अर्धवट.

यंत्रणा आपल्याकडे आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. उपकेंद्रातून लक्षणांचा एस फॉर्म जातो, डॉक्टरांकडून संशयित निदानाचा पी फॉर्म आणि प्रयोगशाळेतून पक्क्या निदानाचा एल फॉर्म. २०२१ पासून ही माहिती नव्या पोर्टलवर भरली जाऊ लागली. पण आम्ही भरायचो त्या एस फॉर्ममध्ये ताप, खोकला, जुलाब, कावीळ, लुळेपणा यांना रकाने होते. वेगळ्या लक्षणांसाठीही एक रकाना होता, मात्र त्या लक्षणांनी माणूस दगावला किंवा दवाखान्यात भरती झाला तरच. केस गळून कुणी दगावत नाही, की भरती होत नाही. अशा दुखण्याला त्या कागदावर जागाच नव्हती.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. अहवालात ‘निरंक’ लिहिलं की वरून कुणी काही विचारत नसे. आकडा लिहिला की लगेच खुलासा मागितला जाई. अशानं खालचा माणूस निरंक लिहायलाच शिकतो. जी आशाताई पहिल्यांदा सांगेल, ‘आमच्या आळीत काहीतरी वेगळंच चाललंय’, तिला शाबासकी मिळाली पाहिजे. खासगी डॉक्टर आणि मेडिकल दुकानदारही या साखळीत हवेत. क्षयरोगाची नोंद खासगी डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे. मग एकाच आठवड्यात एकसारखे पाच रुग्ण आले, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला फोन करणं अवघड का असावं?

कारण शोधताना पहिले प्रश्न तीनच: कोणाला, कुठे, केव्हा? शेगावात आधी संशय पाण्यावर गेला आणि ते साहजिक होतं. पूर्णा नदीकाठचं खारं पाणी इथे पिढ्यान्‌पिढ्या छळतंय आणि नमुन्यांत नायट्रेटही जास्त निघालं. पण खारं पाणी कालही होतं आणि परवाही होतं. केस मात्र याच डिसेंबरात गळले. म्हणजे घराघरांत नवीन काय आलं, हे विचारायला हवं होतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पथकं आली, नमुने गेले. महाडला विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर स्वतःहून या गावांत आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. पंजाब-हरियाणातून आलेल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम प्रचंड होतं, किलोला १४.५२ मिलिग्रॅम. हे मूलद्रव्य शरीरात फार झालं की केस आणि नखं गळतात. रोज पाव किलो पीठ खाणाऱ्याच्या पोटात त्या हिशेबानं साडेतीन मिलिग्रॅमहून जास्त जातं. प्रौढाला सोसवणारी रोजची वरची मर्यादा ०.४ मिलिग्रॅम मानतात. पंजाबात होशियारपूर, नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे शास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. पुढे एप्रिलमध्ये याच भागात नखं गळाल्याच्या तक्रारी आल्या.

बावस्करांसारख्यांचे उपकार आहेतच. पण एखाद्या डॉक्टरनं महाडहून पदरमोड करून यावं, यावर जिल्ह्याचं आरोग्य सोडता येणार नाही. आरोग्य विभाग माणूस तपासतो, पाणीपुरवठा विभाग पाणी, धान्य असतं पुरवठा खात्याकडे आणि गुरं पशुसंवर्धन खात्याकडे. आजाराला मात्र खात्यांच्या भिंती नसतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर या चौघांचा मिळून एक साप्ताहिक अहवाल आला पाहिजे. कोणत्या रेशन दुकानात कुठला गहू कधी उतरला, ही नोंद रुग्णांच्या यादीशेजारी ठेवली तर संशयाची दिशा लवकर मिळेल. आणि ज्या पट्ट्यातल्या जमिनीत सेलेनियम आहे, तिथला गहू वॅगनमध्ये भरण्याआधीच तपासला पाहिजे.

शेवटचं मागणं सगळ्यात सोपं आहे आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं. शेगावच्या माणसांनी केस दिले, रक्त दिलं, लघवीचे नमुने दिले, घरातला गहूही दिला. उत्तरावर पहिला हक्क त्यांचा आहे. प्रत्येक बाधित गावात ग्रामसभा बोलवावी, डॉक्टरांनी समोर उभं राहून मराठीत अहवाल वाचावा, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत आणि प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. असं झालं, तर पुढच्या वेळी काही वेगळं दिसताच लोक मेडिकलच्या आधी उपकेंद्रात येतील. कारण तिथे सांगून उपयोग होतो, हे त्यांनी पाहिलेलं असेल.