कोरियाचे बर्फावरील वीर व आमची छडी

आमच्या गास गांवच्या विद्यार्थ्यांस बर्फ ठाऊक आहे तो अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळीच्या टोपल्यांत घालतात तेवढाच. असें असतां शाळेच्या वार्षिकांत आम्ही दक्षिण कोरियाच्या 'शॉर्ट ट्रॅक' स्केटिंगची कथा कां सांगत बसलों, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचें कारण आरंभींच सांगून टाकतों. गेल्या वर्षीं पालकसभा आटोपल्यावर एक सद्गृहस्थ मागें रेंगाळले आणि हलक्या आवाजांत म्हणाले, "सर, पोराला वाटलं तर दोन ठेवून द्या, आमची काही तक्रार नाही. पण तो पुढं आला पाहिजे." त्यांच्या बोलण्यांत मुलाविषयीं कळकळच होती. आम्हीं हंसून वेळ मारून नेली. तें राहिलेलें उत्तर आज देत आहों.

प्रथम खेळाविषयीं. साठ मीटर लांब व तीस मीटर रुंद अशा बर्फाच्या अंगणांत १११.१२ मीटरांचा लंबवर्तुळाकार मार्ग आंखलेला असतो. त्यावर पोलादी पात्यांचे बूट घालून चार-सहा खेळाडू एकाच वेळीं धांवतात. येथें घड्याळाशीं शर्यत नाहीं; जो आधीं रेषा ओलांडील तो जिंकला. वळणें सारीं डावीकडे, म्हणून बुटाचें पातेंहि किंचित् डावीकडे सरकवून बसवितात, आणि वळणावर खेळाडू इतका कलतो कीं डाव्या हाताचीं बोटें बर्फास टेंकतात. आपणांपैकीं ज्यांनीं पावसाळ्यांत शेताच्या निसरड्या बांधावरून धांव घेतली असेल त्यांस या कलण्याचें भय थोडेंबहुत कळेल.

हा खेळ १९९२ सालीं फ्रान्समधील अल्बर्टव्हिल येथें ऑलिंपिकमध्यें पदकांचा झाला, आणि त्याच वर्षीं किम की-हून यानें कोरियास हिवाळी ऑलिंपिकांतील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. तेथून २०२२ च्या बीजिंगपर्यंत या एका खेळांत त्या देशानें २६ सुवर्णपदकें जिंकलीं. १९९४ सालीं रिले संघांतील किम युन-मी ही विजेती अवघी तेरा वर्षांची होती, म्हणजे आमच्या आठवीच्या वर्गांत बसण्याच्या वयाची! हें यश अंगबळाचें नव्हे. कोरियनांनीं हा खेळ बुद्धीनें सोडविला. १९९८ सालीं नागानो येथें किम दोंग-संग यानें अखेरच्या क्षणीं शरीर मागें ठेवून नुसता पाय पुढें लोटला, आणि पात्याच्या टोंकानें चिनी प्रतिस्पर्ध्याच्या आधीं रेषा गांठली. रेषा ओलांडतें तें पातें, छाती नव्हे, हा नियम सर्वांस ठाऊक होता. त्याचा असा उपयोग करून घेणें हें त्यांचें चातुर्य.

त्याहून आम्हांस प्रिय आहे ती २०१८ सालची प्योंगचांग येथील मुलींची रिले शर्यत. उपांत्य फेरींत तेवीस फेऱ्या उरल्या असतां ली यू-बिन पडली. तिनें पडल्या जागेवरून हात लांब केला, चोई मिन-जंग तिच्याकडे धांवली, हातास हात लागला, आणि अर्ध्या फेरीच्या सुमारास मागें पडलेला तो संघ पहिला आला; इतकेंच नव्हे तर त्यानें ऑलिंपिक विक्रमहि केला. पडलेल्या सोबतिणीस एकीनेंहि दोष दिला नाहीं. तेवढा वेळच नव्हता.

कोणी म्हणेल, या परदेशच्या गोष्टी. आमच्या मराठी मुलांचा त्यांत काय संबंध? संबंध आहे. २ ऑक्टोबर २०२३ रोजीं चीनमधील हांगचौ येथें आशियाई खेळांत चाकांच्या स्केटिंगची तीन हजार मीटर रिले झाली. तींत भारतीय संघानें कांस्यपदक मिळविलें, व त्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे हे दोघे महाराष्ट्राचे होते. त्याच शर्यतींत कोरियाचा जंग चोल-वॉन रेषेच्या अलीकडेच विजयाचे हात उंचावून उभा राहिला, आणि तैवानच्या हुआंग यू-लिन यानें पाय पुढें लोटून सेकंदाच्या शंभराव्या भागानें सुवर्ण नेलें. जी युक्ति कोरियानें नागानो येथें दाखविली तीच त्याच्यावर उलटली! सुवर्ण मिळतें तर त्या तरुणांस सक्तीच्या लष्करी नोकरींतून सूट होती, तीहि गेली. आतां तर डेहराडून येथील बर्फाचें अंगण वर्षानुवर्षें बंद पडून राहिल्यावर २०२५ सालीं पुन्हां उघडलें असून तेथें आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धाहि झाली. उद्यां आमच्या वसई तालुक्यांतील एखादें मूल त्या बर्फावर उतरणार नाहीं असें कोणीं सांगावें?

म्हणूनच या यशाची दुसरी बाजू पालकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें. २००४ सालीं कोरियाच्या राष्ट्रीय संघांतील मुलींनीं मारहाणीस कंटाळून सराव-शिबिर सोडलें. देश क्षणभर हळहळला. परंतु दोन वर्षांत तुरिन येथें सहा सुवर्णपदकें आलीं आणि हळहळ संपली. त्याच तुरिनमध्यें तीन सुवर्णें जिंकणारा आन ह्यून-सू घरच्या भांडणांत सांपडला होता. एकाच देशाचे खेळाडू दोन तटांत, निरनिराळ्या प्रशिक्षकांच्या हाताखालीं सराव करीत. पुढें त्याचा गुडघा दुखावला, २०१० सालीं त्याचा नगरसंघहि मोडला, आणि तो रशियाचा नागरिक झाला. २०१४ सालीं सोची येथें त्यानें रशियासाठीं पुन्हां तीन सुवर्णें मिळविलीं. कोरियाच्या पुरुषांस या खेळांत एकहि पदक मिळालें नाहीं. त्याची कला त्याच्याबरोबर गेली, घरांत उरले ते तट.

आणि शिम सुक-ही! २०१८ च्या ऑलिंपिकपूर्वीं थोडेच दिवस ती प्रशिक्षकाच्या माराने शिबिर सोडून गेली, परत आली, आणि रिलेच्या सुवर्णपदक-विजेत्या संघांत धांवली. पुढें तिनें न्यायालयांत सांगितलें कीं, प्राथमिक शाळेंत असल्यापासून तो मनुष्य तिला मारीत असे. एकदां हॉकीच्या काठीनें तिचीं बोटें मोडलीं होतीं. त्याहून घोर अपराधहि सिद्ध झाले व २०२१ सालीं त्यास तेरा वर्षांची शिक्षा कायम झाली. इतकीं वर्षें हें कोणास दिसलें नाहीं काय? आमचें मत असें कीं, पुष्कळांस दिसलें असावें. परंतु मुलगी पदकें आणीत होती.

भयानें कधींच यश मिळत नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. तें असत्य होईल. मार खाल्लेल्या मुलींनीं पदकें आणलीं आहेत. भीति वाटते ती याचीच. छडीनें मूल नापास झालें तर छडीचा दोष दिसतो. मूल पहिलें आलें तर श्रेय छडी घेते, आणि पाय लोटण्याची ती युक्ति, ती सोबतिणीकडे घेतलेली धांव, तो रोजचा सराव, हें सर्व बाजूस राहतें.

येथें आमचे कांहीं ख्रिस्ती बंधु शलमोनाच्या नीतिसूत्रांतील काठीकडे बोट दाखवितात. आम्हींहि नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्याच सूत्राच्या आधारें हात उगारला आहे, आणि एका मुलाचा सुजलेला तळवा अद्याप डोळ्यांपुढून जात नाहीं. स्तोत्रांतील मेंढपाळाची काठीहि त्याच ग्रंथांत आहे, आणि तिनें मेंढरास धीर येतो. तिकडे आमचें लक्ष फार उशिरां गेलें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली. हात आवरला. जीभ मात्र पुष्कळ शिक्षकांची, आणि घरीं पुष्कळ आईबापांचीहि, अजून मोकळीच आहे. शेजारच्या मुलाचे गुण ताटावर वाढले जातात.

त्या सद्गृहस्थांचा मुलगा यंदा दहावींत आहे. तो गणितांत कच्चा आहे, पण भूमितीची आकृति सुरेख काढतो; म्हणून शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही त्याला आकृतीकडून गणिताकडे नेत आहों. तो पहिला येईल असें वचन आम्हीं त्याच्या वडिलांस दिलेलें नाहीं. मात्र शनिवारीं त्यांनीं स्वतः येऊन अर्धा तास त्याच्या शेजारीं बाकावर बसावें, अशी विनंती केली आहे. आजवर ते दोनदां आले.