पकडले जाण्याची भीती

एफ.ई.ला मी वर्षभरात वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. शंका ढीगभर होत्या. पण सर "हे तर बारावीत झालंय" म्हणाले की घशाशी आलेला प्रश्न मुकाट्याने परत जायचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. 'संवेग', 'जडत्व' मला चांगलं कळायचं. 'मोमेंटम', 'इनर्शिया' ऐकलं की वाटायचं, आपण इथे चुकून आलोय. सीईटीला मार्क पडले ते नशिबाने, एम-वन निघाला तो पेपर सोपा होता म्हणून. आणि नापास झालो असतो तर? तर दोष मात्र माझा! बघा, हिशोब कसा एकतर्फी असतो.

मग पी.एल.मध्ये एका रात्री दोन वाजता चहा करताना रूम पार्टनर म्हणाला, "यार, एक दिवस सगळ्यांना कळेल, मला काहीच येत नाही." हा आमच्या ब्रँचचा टॉपर, मुंबईचा, इंग्लिश मीडियमवाला! मी हसलो. तो हसला नाही.

या भीतीला नाव आहे हे मला नंतर कळलं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली तिला 'इम्पोस्टर फिनॉमिनन' म्हटलं. 'सिंड्रोम' हा शब्द मागाहून चिकटला. त्यांनी अभ्यास केला तो शिकलेल्या, यशस्वी स्त्रियांचा. म्हणजे मार्क वाढले की ही भीती आपोआप जाते, असं नाही.

माझ्या मते ती गप्प बसण्यावर पोसली जाते. हॉस्टेलवर आपण केटीसुद्धा बिनधास्त सांगतो, पण हे सांगत नाही. म्हणून प्रत्येकाला वाटतं, तोतया मी एकटाच. शिवाय 'मला येत नाही' आणि 'माझी लायकी नाही' ही दोन वाक्यं आपण एकच समजतो. पहिल्यावर उपाय आहे, अभ्यास. नुसत्या कॉन्फिडन्सने कुणाचा विषय सुटलेला नाही. दुसरं वाक्य मात्र पुराव्याशिवाय मान्य करू नका.

मागच्या आठवड्यात मी धीर करून वर्गात शंका विचारली. मागच्या बाकावरून आवाज आला, "बरं झालं विचारलंस, मलापण कळलं नव्हतं."

सर, मॅडम, एक विनंती. "हे तर बारावीत झालंय" ऐवजी "कुठे अडलं?" एवढंच म्हणा. आणि एफ.ई.च्या मित्रांनो, हात वर करा. पकडले गेलात तर फार फार तर शंका फिटेल!