कोणते शिंदे?

'कोणते शिंदे?' हा मराठी माणसाचा फार जुना आणि वरकरणी निरुपद्रवी प्रश्न आहे. एकाच आडनावाची माणसे गावोगाव असतात, त्यांच्यात फरक करायचा तर गाव, घराणे, व्यवसाय विचारावा लागतो, असे त्याचे समर्थन कोणी करील. विचारणाऱ्याचा सूर ज्यांनी ऐकला आहे त्यांना मात्र ते पटणार नाही. गोखले किंवा आपटे म्हटल्यावर ऐकणाऱ्याचे काम आडनावच परभारे करून टाकते. शिंदे, पवार, जाधव, गायकवाड म्हटल्यावर ते अडते. शिंदे मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, बौद्धांत, मातंगांत, पारध्यांत आहेत आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही आहेत. तेव्हा हा प्रश्न येतो. उत्तरादाखल गावाचे नाव सांगितले तर विचारणारा समाधानी होत नाही, यातच त्याला काय हवे आहे ते उघड होते.

हा प्रश्न लग्नाच्या बोलणीपुरता राहिला असता तर समाजशास्त्रज्ञांवर सोपवून आम्ही गप्प बसलो असतो. पण तो साहित्याच्या वर्गात, चर्चासत्रात आणि प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात शिरला आहे. नव्या लेखकाचे पुस्तक हाती येते, आणि ते उघडण्याआधीच त्याच्या आडनावावरून ते ग्रामीण, दलित की भटक्या-विमुक्तांचे याचा अंदाज बांधला जातो. अंदाज बांधता आला नाही तर ओळखीच्या माणसाला फोन जातो. मग समीक्षा लिहिली जाते. या रीतीला आमचा विरोध नैतिक आहेच; त्याहून तो अभ्यासपद्धतीचा आहे. या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी वाचकाची वाट चुकते, हे याच आडनावाच्या तीन माणसांवरून दाखविता येईल.

पहिल्या ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या, मराठा कुटुंबातल्या, सत्यशोधक चळवळीच्या परिसरात वाढलेल्या. १८८२ मध्ये त्यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापले गेले. कोणते शिंदे, हे एवढे कळल्यावर आपला हिशेबी वाचक काय अपेक्षा करील? ब्राह्मणेतर चळवळीतले एक ब्राह्मणविरोधी पुस्तक, एवढेच. प्रत्यक्षात पुस्तकाला निमित्त झाली ती सुरतेची विजयालक्ष्मी ही ब्राह्मण विधवा. अर्भकहत्येबद्दल तिला १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली होती; पुढे ती सौम्य करण्यात आली. ताराबाईंनी तिच्या बाजूने जो आवाज उठविला, त्याच्या माऱ्यातून स्वजातीचे पुरुषही सुटले नाहीत. पुस्तकावर गदारोळ झाला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची पाठराखण केली. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले.

दुसरे विठ्ठल रामजी शिंदे. जन्म १८७३, जमखंडी, म्हणजे आजच्या कर्नाटकात, जात मराठा. ऑक्सफर्डला जाऊन धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आलेला हा माणूस १९०६ मध्ये मुंबईत अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभारतो आणि कुटुंबासह त्या कामात उतरतो. १९२० च्या कौन्सिल निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव असलेली जागा त्यांना घेता आली असती. ती नाकारून ते सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले. आडनावाने देऊ केलेली खुर्ची त्यांनी स्वतःहून परत केली, आणि आपण मात्र त्यांना ओळखण्यासाठी तीच खुर्ची शोधत बसतो.

तिसरे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४), बौद्ध समाजातून आलेले गायक. त्यांनी भीमगीते गायली, कव्वाली गायली, आणि विठ्ठलाची व गणपतीची गाणीही गायली. आषाढीच्या दिवसांत पंढरीच्या रस्त्यावर आणि गणेशोत्सवात मांडवामांडवांत ज्यांचा आवाज लागतो, त्यांचे 'कोणते शिंदे' हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. ठाऊक झाल्यावर काहींना आश्चर्य वाटते. त्या आश्चर्याचाच विचार व्हायला हवा, कारण ते गायकाविषयी काहीच सांगत नाही. ऐकणाऱ्याने मनात आधीच आखून ठेवलेली रेघ तेवढी दाखविते.

या प्रश्नाचे एक जुळे भावंडही आहे. ते म्हणजे 'आमचे शिंदे' हा अभिमान. आडनावाच्या थोरांची यादी करायची आणि पानिपतावर जखमी होऊन वाचलेले महादजी, सोलापूरच्या न्यायालयातल्या साध्या नोकरीपासून सुरुवात करून २००३-०४ मध्ये मुख्यमंत्री झालेले सुशीलकुमार, ठाण्यात रिक्षा चालवून २०२२ ते २०२४ या काळात त्याच पदावर बसलेले एकनाथ आणि २०१४ च्या सासवड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ. मुं. शिंदे यांना एका ओळीत उभे करायचे. या चौघांना जोडणारे काय आहे? अक्षरे. कर्तृत्व ज्याचे त्याने ज्या त्या परिस्थितीशी झगडून मिळविलेले आहे. यादी करणारा त्यावर फुकटचा वारसाहक्क सांगतो.

शिवाय ही यादी करताना मुली गळतात. अहिल्याबाई होळकर या चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची कन्या. १७९३ मध्ये लाखेरीला महादजी शिंद्यांच्या फौजेने होळकरांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा होळकरांच्या राज्याचा कारभार माहेरच्या शिंदे असलेल्या या बाईंच्या हाती होता. दोन्हीकडचे शिंदे एका जातीचे नव्हते, एका घराचे नव्हते, आणि आडनावाने तोफा थांबविल्या नाहीत. आडनाव हेच नाते मानणाऱ्यांनी लाखेरीचा अर्थ लावून दाखवावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. जात हे वास्तव आहे. लेखक कोठून बोलतो हे न पाहता केलेली समीक्षा आंधळी असते. दलित साहित्याने हेच तर शिकविले. हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. विठ्ठल रामजींनी काय ओलांडले हे कळण्यासाठी ते कोठे उभे होते हे ठाऊक असावेच लागते. 'आम्ही जातपात पाहत नाही' असे म्हणून हात झटकणारे समीक्षक आम्हाला या प्रश्नकर्त्यांहून अधिक प्रामाणिक वाटत नाहीत. मुद्दा क्रमाचा आहे. संहिता वाचता वाचता लेखकाच्या जागेचा प्रश्न उभा राहतो तेव्हा त्याचे उत्तर चरित्रातून, काळातून, भाषेतून शोधायचे असते, आणि ते मिळाल्यावर पुन्हा संहितेकडे यायचे असते. 'कोणते शिंदे?' विचारणारा परत येत नाही. त्याला उत्तर मिळाले की त्याचे वाचन संपते.

आणखी एक. हा प्रश्न सर्वांना सारखा विचारला जात नाही. ज्याच्या आडनावाने आधीच उत्तर दिलेले असते आणि ते उत्तर सोयीचे असते, त्याला तो कधीच ऐकावा लागत नाही. त्याचे लेखन 'मराठी साहित्य' ठरते, इतरांच्या लेखनाला मात्र विशेषण लागते. वर्गात मागच्या बाकावर बसलेला शिंदे आडनावाचा विद्यार्थी हे सारे न सांगता शिकतो. कविता लिहिण्याआधीच ती कोणत्या विशेषणाखाली वाचली जाणार हे त्याला कळून चुकते. आपल्या विषयाचे याहून मोठे नुकसान कोणते?

म्हणून शिक्षकांकडे आमचे मागणे साधे आहे. ताराबाई शिकविताना सुरुवात विजयालक्ष्मीच्या खटल्यापासून करा. विठ्ठल रामजी शिकविताना १९३३ चा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' विद्यार्थ्यांच्या हाती द्या. प्रल्हाद शिंदे अभ्यासक्रमात नसतील तर ते का नाहीत, यावर एक तास खर्च करा. एवढे झाल्यावर कोणी विचारलेच, 'कोणते शिंदे?', तर विद्यार्थ्याला त्या शिंद्यांचे काम सांगता आले पाहिजे.