किल्ल्याचे गुण

दिवाळी जवळ आली की कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दोन गोष्टी एकाच सुमारास येतात. एक सहामाहीचे पेपर आणि दुसरी किल्ल्याची माती. अंगणात सिमेंटचे ठोकळे बसल्यापासून चमचाभरही माती मिळायची सोय उरलेली नाही. ती रोपवाटिकेतून पोत्याने विकत आणावी लागते. पेपर मात्र फुकट घरी येतात, आणि त्यांच्यामुळे होणारी भांडणेही.

या दोन गोष्टींची मी एकदा गल्लत केली. तिची ही हकीकत आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठले. म्हणाले, "काका, यंदा किल्ल्यांची स्पर्धा ठेवू या. तुम्ही आयुष्यभर पेपर तपासलेत. परीक्षक तुम्हीच." निवृत्त मास्तराला परीक्षक म्हणणे म्हणजे म्हाताऱ्या घोड्याला बँड ऐकवणे. मी त्याच रात्री फूटपट्टी घेऊन तक्ता आखला. ऐतिहासिक अचूकता 20, रचना 20, नीटनेटकेपणा 20, सजावट 20, माहिती सांगणे 20. एकूण 100. तक्ता इतका सुबक झाला की आमच्या सौभाग्यवतींनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "आणि मजा आली त्याला किती?" मी हसण्यावारी नेले.

दुसऱ्या मजल्यावरच्या दहा वर्षांच्या मुलाने त्या वर्षी विटा रचून, त्यावर गोणपाट टाकून, चिखल थापून किल्ला केला होता. अळीव पेरले होते, ते छान उगवून आले होते. पण त्याचा खरा जीव होता पाण्यात. गडाच्या माथ्यावर त्याने टाके केले होते आणि सलाइनच्या नळीतून ते पाणी खालच्या तळ्यात येत होते. चार दिवस तो त्या नळीपाशी ओणवा होऊन बसला होता. मी गेलो, माझा तक्ता भरला. चिखल सगळीकडे सांडलेला, नीटनेटकेपणात 7. एकूण बेरीज 62. पहिला क्रमांक 81 गुणांना गेला.

बक्षीस समारंभानंतर तो हळूच माझ्याजवळ आला. "आजोबा, पाण्याला किती मिळाले?"

"पाण्याला वेगळे गुण नव्हते रे," मी म्हणालो.

"अच्छा," एवढेच तो म्हणाला.

पुढच्या वर्षी पहिली वीट ठेवण्याआधीच तो वही घेऊन माझ्या दारात उभा. "आजोबा, यंदा कशाला किती आहेत?" त्याने सारे टिपून घेतले. त्या वर्षी त्याचा किल्ला पुठ्ठ्याचा आणि प्लॅस्टरचा होता; पाणी नाही, चिखल नाही, अळीवही नाही. 84 गुण, पहिला क्रमांक. पूर्वी त्याचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत नांदत असे, रोज एखादा मावळा वाढत असे. हा भाऊबीजेलाच कचऱ्यात गेला. तिसऱ्या वर्षी स्पर्धा झाली नाही, आणि त्याने किल्लाही केला नाही. आईने विचारले तर म्हणाला, "कशाला? यंदा गुण नाहीत ना."

ते शब्द मला झोंबले. मी चाळीस वर्षे वर्गावर जे केले, तेच या पोराच्या अंगणात करून आलो होतो की काय?

तुम्ही म्हणाल, एका पोरावरून काय सिद्धांत मांडता? पण हे इतरांनीही पाहिले आहे. अमेरिकेत 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतील चित्रकलेची आवड असलेली मुले निवडली. काहींना आधी सांगितले, चित्र काढा, सोनेरी चांदणीचे प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी पाहिले तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले आपणहून चित्रे काढण्यात बाकीच्यांपेक्षा बराच कमी वेळ घालवीत होती. बाकीच्यांची आवड तशीच होती. इस्रायलमध्ये 1988 साली रूथ बटलर या बाईंनी पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले. एकाला नुसते गुण, दुसऱ्याला नुसता लेखी शेरा, तिसऱ्याला दोन्ही. शेरेवाल्यांचे काम सुधारले आणि गोडीही टिकली. गंमत तिसऱ्या गटाची: तो नुसत्या गुणवाल्यांच्याच पंगतीत जाऊन बसला. आकडा दिसला की शेजारचा शेरा कोण वाचतो? आपण तरी कुठे वाचत होतो!

शिवाय आकडा आपल्याला वाटतो तितका पक्का नसतो. आपल्याच दहावीचे पाहा. 2018 साली राज्याचा निकाल 89.41 टक्के लागला. 2019 साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातचे 20 गुण काढून घेतले, निकाल 77.10 टक्क्यांवर आला. घरोघरी सुतक! पुढच्या वर्षी ते गुण परत आले, भूगोलाचा पेपर करोनामुळे झालाच नाही, आणि निकाल 95.30. 2021 साली तर परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95. आता एका वर्षात महाराष्ट्रातली मुले बारा टक्के मठ्ठ झाली आणि पुढल्या वर्षी अठरा टक्के हुशार झाली, असे कोणी म्हणेल का? मुले तीच होती. तराजू बदलला होता.

2010 साली शाळांत गुणांऐवजी श्रेणी आल्या, तेव्हा वाटले होते, सुटलो. पण अ-1 मिळवून आलेल्या मुलाला आमच्या जिन्यातल्या आया विचारीत, "अ-1 म्हणजे एक्याण्णव की शंभर?"

इतके बोलूनही मी गुणांची होळी करा म्हणणार नाही. रोज संध्याकाळी मी कर्वे पुतळ्यापर्यंत फिरायला जातो. 1875 साली सतरा वर्षांचे धोंडो केशव मुरूडहून सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला गेले, ते सहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी. परीक्षकांना त्यांचे वय लहान वाटले. सतरा वर्षे पूर्ण झाल्याचे त्यांना पटेना, आणि बसू न देताच परत पाठवले. पेपर त्यांनी पाहिलाच नाही, चेहरा पाहिला. ज्याच्यापाशी वशिला नाही, त्याला परीक्षा हेच दार असते. आणि नाव झाकून दिलेला गुण हा कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून घेतलेल्या निर्णयापेक्षा केव्हाही न्यायाचा. पुढे हेच कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले आणि हिंगण्याला त्यांनी संस्था उभी केली, ती आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

म्हणून मी मनाशी एक वाटणी केली आहे. जिथे जागा थोड्या आणि उमेदवार फार, त्या उंबरठ्यावर गुण असावेत. पण रोजच्या शिकण्यात, चौथी-पाचवीच्या वहीत आणि जेवणाच्या पानावर त्यांचे काय काम? तिथे मुलाला हवे असते एवढेच की कोणीतरी त्याने केलेले नीट पाहिले आहे. गुण देणे सोपे, कारण त्याला दोन मिनिटे लागतात. नीट पाहायला अर्धा तास लागतो.

गेल्या दिवाळीत मी त्या मुलाच्या आईला सांगून दोन पोती माती आणवली आणि अंगणात टाकून दिली. बोललो काही नाही. पहिला दिवस ती तशीच पडून होती. दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलांनी त्यात हात घातले, आणि तिसऱ्या दिवशी हा जिन्यातून खाली आला, "असे नाही रे, विटा आधी," असे करवादत. चौथ्या दिवशी मी वही घेऊन गेलो. तक्ता नव्हता. ओणवा होऊन पाहिले आणि एकच ओळ लिहून पान त्याच्या हाती दिले: "पाणी माथ्यावरून उतरते, हे झकास. पण टाके संध्याकाळपर्यंत रिकामे का होते?"

त्याने पान उलटून पाहिले. मागे आकडा नव्हता. "गुण?"

"नाहीत."

तो थोडा हिरमुसला, हे मी लपवीत नाही. सवय एका दिवसात जात नाही. माझी चाळीस वर्षांत गेली नाही. पण रात्री साडेआठला आमची बेल वाजली.

"आजोबा, शाडू आहे का तुमच्याकडे? तळ झिरपतोय बहुतेक."

गणपतीचा उरलेला शाडू माळ्यावर होता. गुडघे कुरकुरत असतानाही मी स्टुलावर चढून तो काढून दिला. टाके दुसऱ्या दिवशीही थोडे गळतच होते. पण तो त्यापाशी बसलेला होता.