रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुखणं खोटं?

“डॉक्टर, एमआरआय नॉर्मल आला. आता घरचे म्हणतात, तुझं दुखणं मनाचं आहे.” वर्षभर कंबरदुखीने बेजार झालेल्या एक ताई सांगत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते कंबरेमुळे नाही, कोणी विश्वास ठेवत नाही म्हणून. यात चूक फक्त घरच्यांची नाही. “काही नाही, टेन्शन घेऊ नका” म्हणून फाईल परत देणारे आम्ही डॉक्टरही तितकेच दोषी आहोत.

आता एक साधी गोष्ट बघा. ठेचा खाल्ल्यावर तोंडाची आग होते. तोंड भाजलेलं असतं का? नाही. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक उष्णता ओळखणारे सेन्सर चालू करतो आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. हा सेन्सर शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना, आणि स्पर्श व दाब ओळखणारे सेन्सर शोधल्याबद्दल आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. त्या वेळी तोंडाचा एमआरआय काढला तर तो नॉर्मलच येईल. मग आग खोटी होती का?

उलटही घडतं. मधुमेहाने पायाच्या नसा खराब झालेल्या रुग्णाच्या तळव्यात खिळा घुसतो आणि त्याला कळतही नाही. इजा आहे, वेदना नाही. तर पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात कळा येतात. म्हणजे वेदना हे इजा मोजायचं मीटर नव्हे. त्वचेकडून निरोप येतो. तो किती मोठा करायचा, हे मज्जारज्जू आणि मेंदू ठरवतात. गुडघा आपटल्यावर आपण चोळतो आणि बरं वाटतं. स्पर्शाचे निरोप वेदनेच्या निरोपांची वाट अडवतात, हा विचार मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडला.

दुखणं महिनोन्महिने राहिलं तर ही यंत्रणाच जास्त संवेदनशील होऊ शकते. चोर निघून गेला तरी वाजत राहणाऱ्या अलार्मसारखी. अपुरी झोप, भीती, सततचा ताण हा आवाज वाढवतात. पण “वेदना मेंदूत तयार होते” याचा अर्थ “ती नाटक आहे” असा होत नाही. प्रत्येक वेदना मेंदूतच तयार होते, तुमची आणि माझीसुद्धा.

“काही जण सोंग करतातच ना?” करत असतील. पण सोंग एमआरआयवर दिसत नाही. उलट, काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्ये सरकलेली गादी दिसते! जागतिक वेदना संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना स्पष्ट म्हटलं की, वेदना होते असं माणूस सांगतो त्याचा मान राखला पाहिजे.

म्हणून रुग्णांनो, नॉर्मल रिपोर्ट आला तर पुन्हा पुन्हा स्कॅन करत फिरू नका, मनाने वेदनाशामक गोळ्या खात राहू नका. त्यांनी किडनी आणि पोट बिघडतं. हळूहळू वाढवलेली हालचाल, व्यायाम, पुरेशी झोप आणि गरजेनुसार औषधं, हा उपचार आहे. मात्र पायात ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप किंवा वजन घटणं असेल तर लगेच दाखवा.

आणि घरच्यांनो, रिपोर्ट वाचण्याआधी माणसाचं ऐका.