सरासरीत हरवलेला सातवीचा वर्ग

चंडीगडच्या आयटी पार्कमधील काचेच्या इमारती मागे टाकून थोडे चालले की किशनगढच्या अरुंद गल्ल्या लागतात. निवृत्तीनंतर मी याच भागात राहतो. त्या इमारतींत पहारा देणारे, झाडलोट करणारे, उपाहारगृहात भांडी घासणारे यांची बिऱ्हाडे अशाच गल्ल्यांत आहेत आणि त्यांची मुले सरकारी शाळेत जातात. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टरला स्वतःची शाळा होती. मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यामागचा विचार. सेक्टरांच्या चौकटीबाहेरची गावे त्या हिशेबात नव्हती. पुढे शहराच्या कडेच्या वस्त्यांतील काही शाळा दोन पाळ्यांत भरवाव्या लागल्या. तरीही केंद्राच्या २०२३-२४ च्या शैक्षणिक कामगिरी निर्देशांकात १००० पैकी ७०३ गुण मिळवून चंडीगड देशात पहिले आले. यात कोणी खोटे बोलत नाही. सरासरीचा तो स्वभावच आहे.

यूडायस प्लसच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर एका शिक्षकामागे सरासरी १७ विद्यार्थी आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३० ची मर्यादा सुचवली होती. म्हणजे आपण उत्तीर्ण. त्याच अहवालात एकशिक्षकी शाळांची संख्या १ लाख ४ हजारांवर आहे आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकतात.

चंडीगडच्या कडेला दाटीचा प्रश्न आहे, तर महाराष्ट्रात विरळ पटाचा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीच्या गटात पट २० पेक्षा कमी असेल, तर तेथे शिक्षकाचे पद मंजूर होत नाही. वाडी-वस्तीवरच्या, डोंगराळ तालुक्यांतल्या उच्च प्राथमिक वर्गांवर ही कुऱ्हाड आहे. शिक्षक संघटनांनी विरोध केला, तेव्हा ती नोकऱ्यांची ओरड समजली गेली. काही अंशी ती होतीही. पण म्हणून मूळ मुद्दा खोटा ठरत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चे परिशिष्ट पुन्हा वाचावे. पहिली ते पाचवीसाठी ते पटावरून शिक्षक मोजते. सहावी ते आठवीसाठी त्याची भाषा बदलते: प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि तेही अशा रीतीने की विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक असावा. ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण त्यानंतर येते. म्हणजे या टप्प्यावर पद विषयाला जोडलेले आहे, डोक्यांना नंतर. वित्त विभाग मात्र हे परिशिष्ट उलट्या क्रमाने वाचतो.

मी स्वतःही ते तसेच वाचले आहे. सेवेत असताना समायोजनाच्या एका यादीवर मी सही केली. तीत एका शाळेतील एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले होते. वर्षभराने त्या शाळेत गेलो, तेव्हा भाषेच्या बाई सातवीला गणित शिकवत होत्या, म्हणजे गाइडमधील उत्तरे फळ्यावर उतरवून देत होत्या. अतिरिक्त ठरलेले गृहस्थ शाळेतील एकमेव गणित शिक्षक होते. यादीत विषयाचा रकानाच नव्हता आणि मलाही तो विचारावासा वाटला नव्हता.

१२ मुलांसाठी तीन शिक्षक परवडत नाहीत, हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्यावर २०२३ मध्ये समूह शाळांचा मार्ग सुचवला गेला. पानशेत आणि तोरणमाळ ही त्याची उदाहरणे. वाहन वेळेवर येत असेल, तर ते चांगलेच. पण उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे नियम सांगतात ते उगाच नाही. बस बंद पडली की मुलगा पायी जातो, मुलीला घरी ठेवले जाते. याला पर्याय आहे: शिक्षक फिरवावा, मुले नव्हे. केंद्रशाळेची रचना महाराष्ट्रात पूर्वीपासून आहे. पदे केंद्राच्या पातळीवर मंजूर करून गणित-विज्ञानाचा शिक्षक दोन-तीन शाळांना वाटून द्यावा, प्रवासभत्ता द्यावा आणि केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरावीत. एवढे केले तरी खर्च फारसा वाढणार नाही.

अध्यापनाबाहेरच्या आधाराचीही हीच गत आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे बजावले. दिव्यांग मुलांसाठी उच्च प्राथमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये स्वीकारले. शंभराच्या आतल्या शाळेतील मुलीला मात्र समुपदेशक कोण देणार? बारा-तेराव्या वर्षी घरात लग्नाची बोलणी सुरू झालेली मुलगी बहुधा अशाच शाळेत असते. तिचे गप्प होणे ओळखायला वर्गात रोज तोच शिक्षक उभा असावा लागतो.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शाळांची संख्या वाढवा, एवढेच त्यांचे मागणे नव्हते. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला बरा पगार असावा, तो शेतकरी समाजातूनही यावा, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षक कोण आहे, हा प्रश्न त्यांनी किती आहेत याच्या बरोबरीने विचारला.

संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते आणि आधार वैध नसलेले मूल त्या पटात धरले जात नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्या, कागदपत्रे जुळवता न आलेल्या घरांतील मुले नेमकी तिथेच गळतात. शाळेचा पट १८ की २१, हे अशा तीन मुलांवर ठरते. १८ झाला की उरलेल्यांचाही शिक्षक जातो. शासनाने निदान ही अट चालू वर्षापुरती बाजूला ठेवावी, मुख्याध्यापकाने प्रत्यक्ष हजेरीवरून प्रमाणित केलेला पट ग्राह्य धरावा आणि संचमान्यतेच्या नमुन्यात विषयाचा एक रकाना घालावा.