वाडा सुरतेतही उभा राहावा

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की चर्चा होते ती पाट्यांची, शाळांची आणि १९६० साली डांग गुजरातेत गेल्याची. हे प्रश्न खरेच आहेत. पण भाषा जगते ती घरात. घरातली माणसे ज्या बोलीत भांडतात, रुसतात आणि वाटण्या करतात, ती बोली टिकते. म्हणूनच आज भाषेच्या पानावर एका नाटकाविषयी लिहीत आहे.

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी पुढच्या दोन नाटकांसह ते सलग सादर केले आणि २०१४ मध्ये 'वाडा' पुन्हा व्यावसायिक रंगमंचावर उभा केला. सुमारे तीस वर्षांनंतरही ते जुने वाटले नाही. त्याचे कारण आपल्या गावकऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

वडील वारले आहेत. एक मुलगा मुंबईहून आला आहे, बाकीचे गावीच राहिले आहेत. दारात गंजलेला ट्रॅक्टर उभा आहे. तेरवीचा खर्च कोणी करायचा, दागिन्यांचे काय करायचे, शहरात गेलेल्याने किती हक्क सांगायचा, यावर घर धुमसते आहे. शिकायची इच्छा असलेली बहीण शिकू न दिल्यामुळे आतल्या आत जळते आहे. घरोघरी मातीच्या चुली, दुसरे काय!

नाटकातले देशपांडे धरणगावचे, पण ते गाव विदर्भातले. आपले धरणगाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. याच मार्गावरून खानदेशातली हजारो कुटुंबे उधना, लिंबायतच्या वस्त्यांत आणि कापडाच्या कारखान्यांत गेली. एक भाऊ सुरतेला, एक शेतावर. सणाला एकत्र आले की गोडधोडानंतर वाटणीचा विषय निघतो. 'वाडा' जणू यांच्यासाठीच लिहिला आहे.

कोणी म्हणेल, ब्राह्मण वतनदाराच्या पडक्या वाड्याशी यंत्रमाग कामगाराचा काय संबंध? वाड्याची ऐट त्याची नसेल. पण मागे राहिलेल्याचा राग आणि निघून गेलेल्याची शरम या दोन्ही गोष्टी तो ओळखतो. त्यासाठी जात वा सातबारा विचारावा लागत नाही.

भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. या वाड्यातली माणसे छापील मराठी बोलत नाहीत, वऱ्हाडी वळणाचे बोलतात. त्या बोलीने नाटकाची प्रतिष्ठा कमी झाली नाही, उलट वाढली. आपल्या मुलांना मात्र अहिराणी बोलली की गावंढळ ठरवले जाते. सुरतेत वाढणारे पोर शाळेत एक, गल्लीत दुसरी आणि घरी तिसरी भाषा ऐकते. घरच्या भाषेची त्याला लाज वाटली, तर पुढच्या पिढीत ती उरणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, याचा आनंदच आहे. पण दिल्लीच्या निर्णयाने लिंबायतमधल्या घरात मराठी बोलली जाणार नाही.

यात गुजराती भाषेशी वैर नाही. सुरत ही कवी नर्मदची आणि नाटककार चंद्रवदन मेहतांची नगरी आहे. आपल्या 'नटसम्राट'वरून २०१८ साली गुजराती चित्रपट निघाला आणि त्यात सिद्धार्थ रांदेरिया यांनी मुख्य भूमिका केली. शेजाऱ्याला आपल्या घरची गोष्ट आपली वाटते आणि आपल्याच मुलांना ती ठाऊक नसते, हे बरे नव्हे.

म्हणून सूचना अशी. नाटक कंपन्यांनी दौरा जळगाव-धुळ्यावर न संपवता नंदुरबारमार्गे सुरतेपर्यंत न्यावा. प्रयोग कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी आणि त्यांना परवडणाऱ्या दरात ठेवावा. सुरत महापालिकेच्या मराठी शाळांतील वरच्या वर्गांनी त्यातला एखादा प्रवेश बसवावा. नवापूर, तळोदा, अक्कलकुव्याच्या तरुण मंडळांनी तोच प्रवेश अहिराणीत किंवा भिलीत करून पाहावा. नवापूरचे रेल्वे स्थानक निम्मे महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत आहे. तिथे गाडी सीमा पाहून थांबत नाही. नाटकानेही थांबू नये.